बारा ग्रॅमांचा मासा

आहारवाल्या मॅडमनी छापील यादीतल्या ‘अंडी’ या शब्दावर लाल पेनाने रेघ मारली, तेव्हा बाबांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला आणि ती रेघ सरळ आली आहे की नाही ते आधी पाहिलं.

“किती दिवस?” त्यांनी विचारलं.

“सहा आठवडे. पूर्ण बंद. अंडी, दूध, गहू, डाळी, कांदा, लसूण. आतड्याला जरा रजा द्यायची, काका. मग एकेक परत सुरू करू.”

“मी चौतीस वर्षं नोकरी केली. सहा आठवड्यांची रजा मी कधी घेतली नाही. आतड्याला कशाला पाहिजे?”

शेजारच्या खुर्चीतून लेकीने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. ती शाळेत भूगोल शिकवायची आणि त्या नजरेने वर्गातली चाळीस पोरं गप्प करायची. बाबांवर ती नजर कधीच चालली नव्हती, कारण मुळात ती त्यांच्याकडूनच आलेली होती.

बाबा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदार त्यांना पाठीमागे ‘काटेसाहेब’ म्हणत. पाच ग्रॅमांची दांडी मारलेली त्यांना रस्त्याच्या पलीकडून दिसायची. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली होती, तरी घरात पितळी वजनांची मखमली पेटी होती, काचेच्या कपाटात सोनाराने हेवा करावा असा नाजूक तराजू होता, आणि गॅलरीत खात्याच्या भंगारातून सोडवून आणलेला, पोती तोलायचा लोखंडी काटा होता. त्याच्यावर बाबा रोज सकाळी स्वतः पोत्यासारखे स्थिर उभे राहत.

स्वयंपाकघरात मात्र त्यांचं राज्य कधीच नव्हतं. तिथे आईचं चाले, आणि आईची मापं म्हणजे मूठ, चिमूट आणि ‘दिसतंच की’. आई जाऊन अकरा महिने झाले होते. शेवटच्या महिन्यात पलंगावर उशीला टेकून तिने बाबांना एकच पदार्थ शिकवला. उकडलेली अंडी. पाणी उकळलं की अंडी सोडायची, वाळूचं घड्याळ उलटं करायचं, वाळू संपली की अंडी झाली. “एवढं एक तरी शिका, म्हणजे मला घोर नाही,” ती म्हणाली होती. बाबा शिकले, आणि शिकलेलं एवढंच असल्यामुळे तेच करत राहिले. सकाळी दोन, दुपारी दोन, रात्री दोन. दोन हजार अंड्यांनंतर त्यांच्या पोटाने संप पुकारला.

“वजन एक्कावन्न किलो चारशे,” मॅडम म्हणाल्या. “डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलंय. पन्नासच्या खाली गेलात तर अॅडमिट व्हावं लागेल.”

“आणि मग एकटं राहणं बंद,” लेकीच्या हातातल्या फोनमधून आवाज आला. तिचा थोरला भाऊ दुसऱ्या शहरातून या भेटीला हजर होता. “माझ्याकडे यायचं. खोली रिकामी करून ठेवलीये मी. चौदावा मजला. नुसती हवा बघा, बाबा!” त्याने फोन खिडकीकडे वळवला. पडद्यावर ढग दिसले. ढगच फक्त.

“तिथे जमीन कुठेय?” बाबांनी विचारलं.

“बाबा, विषय बदलू नका.”

“बदलत नाही. काट्यावर ठरू दे. सहा आठवड्यांनी, इथेच, मॅडमच्या देखत. पन्नासच्या खाली भरलो, तर मी बॅग भरतो. चकार शब्द काढणार नाही. वर भरलो, तर तू काढायचा नाहीस. आहे कबूल?”

“कबूल,” दादा म्हणाला. तो इतक्या पटकन म्हणाला, की लेकीला ते आवडलं नाही. हरण्याची भीती असलेला माणूस जरा तरी वेळ घेतो.

उठताना बाबा एकाएकी कोपऱ्यातल्या वजनकाट्यापाशी वाकले. त्यांना चक्कर आली असं वाटून लेक धावली. बाबा गुडघ्यावर बसून काट्याच्या मागची सरकारी तपासणीची मोहर वाचत होते.

“मुदतीत आहे,” ते म्हणाले. “चांगला काटा आहे. याचा शब्द मी मानीन.”

मॅडमनी एक तक्ता दिला होता. अंड्यांच्या जागी काय खायचं त्याचा. दोन अंड्यांत बारा ग्रॅम प्रथिनं असतात, तेवढीच प्रथिनं माशातून, कोंबडीतून किंवा टोफूतून पोटात गेली पाहिजेत, असा त्याचा साधा अर्थ होता. तक्त्याच्या माथ्यावर बारीक अक्षरांत ‘प्रथिने’ असं छापलं होतं, आणि खाली ‘मासा १२ ग्रॅम, कोंबडी १२ ग्रॅम, टोफू १२ ग्रॅम’. बाबांनी घरी येऊन तो तक्ता फ्रिजच्या दारावर लावला. कागद वाकडा होऊ नये म्हणून त्यांनी वरच्या कडेला रुंद, खाकी चिकटपट्टी मारली. पट्टी अगदी सरळ बसली. नेमकी माथ्यावरच्या त्या ओळीवर.

लेक आपल्या घरी परतली. तिचं घर बसने दोन तासांवर होतं. रोज संध्याकाळी फोन व्हायचा.

“काय खाल्लंत बाबा?”

“तक्त्याप्रमाणे. मासा.”

“पूर्ण बारा ग्रॅम?”

“बारा पूर्णांक शून्य शून्य.”

“आणि दुपारी?”

“कोंबडी. बारा. आणि भात. तुला संशय असेल तर वहीत लिहून ठेवलंय.”

लेकीला कुठून संशय यायला? उलट तिने शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना सांगितलं, की बघा, पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावरचा माणूस प्रथिनांचा दशांशापर्यंत हिशेब ठेवतो. गणिताच्या बाईंनी तर हे उदाहरण वर्गात घातलं.

दुसऱ्या शनिवारी ती बाबांकडे गेली. जिना चढताना तिला पहिल्यांदा काय दिसलं असेल, तर मांजर. जिन्यात एक करडी, हाडं मोजून घ्यावीत अशी मांजर राहायची. आई तिला ‘पाहुणी’ म्हणायची, कारण ती यायची, बसायची आणि उठायचं नाव घ्यायची नाही. पाहुणी आज ओळखू येत नव्हती. अंगावर चकाकी, मानेला वळी, चेहऱ्यावर नुकतीच बढती मिळालेल्या साहेबाची गुर्मी. तिने लेकीकडे अर्धा डोळा उघडून पाहिलं आणि मिटला.

दार बाबांनी उघडलं. त्यांचा सदरा खुंटीला टांगल्यासारखा खांद्यांवर लोंबत होता. लेकीने एकदा मांजरीकडे पाहिलं, एकदा बाबांकडे.

“चपला काढ आणि हळू ये,” बाबा म्हणाले. “वारा लागला की पारडं हलतं.”

स्वयंपाकघरातल्या टेबलावर नाजूक तराजू मांडला होता. एका पारड्यात दहा ग्रॅमांचं आणि दोन ग्रॅमांचं पितळी वजन. दुसऱ्यात माशाचा तुकडा. तुकडा कसला, करंगळीचं पेर. बाबांनी श्वास रोखून चिमट्याने त्याच्यावरचा एक तंतू काढला. काटा मध्यावर आला.

“बारा,” ते म्हणाले, आणि तो तुकडा वाटीत ठेवला. वाटी रिकामीच दिसत राहिली.

“बाबा, हे काय आहे?”

“जेवण.”

“हे? हे जेवण?”

“मलाही सुरुवातीला कमी वाटलं,” बाबांनी कबूल केलं. “पण मॅडम शिकलेल्या आहेत. कोपऱ्यावरच्या मासेवाल्या मावशी मात्र ऐकेनात. त्यांना बारा ग्रॅम मासा मागितला तर म्हणतात, ‘साहेब, तेवढा माझ्या सुरीलाच चिकटून जातो. पाव किलोच्या खाली मी सुरी उचलत नाही.’ मग रोज पाव किलो घ्यावा लागतो.”

“आणि उरलेला?”

बाबांनी जिन्याकडे पाहिलं. “दोनशे अडतीस ग्रॅम. वाया कशाला घालवायचा? तीन किलो शंभर होती ती. काल तीन आठशे भरली.”

लेक उठली, फ्रिजपाशी गेली आणि नखाने ती खाकी पट्टी टरकन ओढून काढली. खालून ‘प्रथिने’ हा शब्द बाहेर आला. बाबांनी चष्मा पुसला, लावला, वाचला. मग पुन्हा वाचला.

“म्हणजे बारा ग्रॅम मासा नाही…”

“माशातली प्रथिनं बारा ग्रॅम. त्यासाठी मासा लागतो साठ ग्रॅम. एका वेळेला! बाबा, तुम्ही गेले दोन आठवडे उपाशी आहात! प्रथिनं सगळी मांजरीला गेली!”

गॅलरीत जाऊन बाबा लोखंडी काट्यावर उभे राहिले. पन्नास किलो शंभर. ते खाली उतरले, खुर्चीवर बसले आणि कितीतरी वेळ त्या चिमुकल्या तुकड्याकडे पाहत राहिले.

“चौतीस वर्षं,” शेवटी ते म्हणाले, “चौतीस वर्षं लोकांना पकडलं मी. पाच ग्रॅम, दहा ग्रॅम. एकाने शंभरामागे वीस ग्रॅम मारले, तर त्याचं दुकान महिनाभर बंद ठेवलं. आणि मी साठात अठ्ठेचाळीस मारले. तेही रोज. तेही स्वतःच्या घरात.”

संध्याकाळी फ्रिजवर तक्त्याशेजारी आणखी एक कागद लागला. खात्याच्या जुन्या छापील नोटिशीचा नमुना होता. गुन्हेगार म्हणून बाबांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं, गुन्हा ‘मापात पाप’, पंच म्हणून लेकीची सही घेतली होती, आणि ‘जप्त केलेला माल’ या रकान्यात लिहिलं होतं: ‘मासा १२ ग्रॅम. मांजरीने खाल्ला.’

लेकीने शाळेत फोन करून चार आठवड्यांची रजा टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठून स्वयंपाकघरात आली, तर बाबा गॅसपाशी उभे. गॅस बंद होता. पातेलं फळीवर पालथं होतं. ओट्यावर आईचं वाळूचं घड्याळ उलटं करून ठेवलेलं, आणि त्यातून वाळू पडत होती. बाबा ती पडताना पाहत होते. संपली, तसे ते वळले आणि त्यांना लेक दिसली.

“सवय,” ते म्हणाले. “अंडी बंद झाली, तरी हात जातो.”

त्या घड्याळाची एक वेगळीच गोष्ट होती. तळाला ‘सहा मिनिटे’ असं कोरलेलं, पण लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात बाबांनी ते तपासलं आणि चाळीस सेकंद जास्त चालतं म्हणून सुनावलं. आई म्हणाली, “अंड्याला कळतं का ते?” बाबांनी घड्याळ होतं तसं परत फळीवर ठेवलं. घरातलं मोहर न लागलेलं तेवढं एकच माप होतं.

लेकीने फ्रिजमधून मासा काढला, साठ ग्रॅम कापला, पाणी उकळलं, त्यात तुकडा सोडला आणि घड्याळ उलटं केलं.

“मासा एक घड्याळ,” ती म्हणाली. “कोंबडी दोन घड्याळं.”

“हे प्रमाण कुठून काढलंस?”

“अंदाजाने.”

“अंदाज!” बाबा या शब्दाने नेहमी दचकत. “कुणाचा?”

“आईचा.”

बाबा पुढे आले. त्यांनी तिच्या हातातला झारा काढून घेतला. “सरक,” ते म्हणाले, “तुझी सावली पडतेय.”

तिथून पुढे त्या स्वयंपाकघरात जे झालं, त्याला स्वयंपाक म्हणण्यापेक्षा खात्याची मोहीम म्हणणं बरं. टोफूचं पाकीट आलं. बाबांनी ते बोटाने दाबलं. “ओली भिंत,” ते म्हणाले. पाकिटावर लिहिलं होतं, की पाणी निथळायला वर वजन ठेवावं. किती ठेवावं ते लिहिलं नव्हतं, आणि हा बाबांच्या मते ग्राहकाचा अपमान होता. त्यांनी पेटीशेजारच्या दहा-दहा किलोंच्या दोन पितळी वजनांतलं एक उचलून वर ठेवलं. टोफूचा एक भाग वजनाखालून पिचकारीसारखा निघाला आणि समोरच्या भिंतीवर बसला. दुसरा इतका चपटा झाला, की त्यातून पलीकडचं दिसावं. बाबांनी वहीत नोंद केली: ‘दहा किलो जास्त होतात.’ मग दोनशे ग्रॅम, पाचशे, एक किलो असे प्रयोग झाले आणि चौथ्या दिवशी टोफू पाऊण किलोला राजी झाला. गरम तव्यावर, प्रत्येक बाजूला अर्धं घड्याळ.

“कसा झालाय?” लेकीने विचारलं.

बाबांनी बराच वेळ चावला. “खोडरबराला मीठ लावलं तर असंच लागेल,” ते म्हणाले, “पण खोडरबर चांगल्या कंपनीचं आहे.” आणि त्यांनी आणखी एक तुकडा घेतला.

आणखी एक तुकडा! अकरा महिन्यांत बाबांनी कुठलीच गोष्ट दुसऱ्यांदा मागून घेतली नव्हती. लेकीने तोंड फिरवलं आणि आधीच स्वच्छ असलेला ओटा पुन्हा पुसला.

तिसऱ्या आठवड्यात गुर्मी चढलेली कोंबडी नरम कशी करायची ते बाबांना समजलं. चौथ्यात त्यांनी माशाला आलं आणि लिंबू लावून पाहिलं, तेही न मोजता, आणि मग वहीत ‘लिंबू: दिसतंच की’ असं लिहिलं. मासेवाल्या मावशींकडे आता ते पाव किलोवर थांबत नसत. इतर गिऱ्हाइकांना “एक घड्याळ, जास्त नको, मासा चिवट होतो,” असे सल्ले देत. मावशी म्हणाल्या, “साहेब, तुम्ही इथंच बसा. तुम्ही बोलता तेव्हा माझा माल खपतो.” लोखंडी काटा रोज थोडा थोडा पुढे सरकत होता. पन्नास सहाशे. एक्कावन्न दोनशे. एक्कावन्न नऊशे. पाहुणीच्या वाट्याला फक्त डोकी आणि शेपट्या राहिल्या. ती या सगळ्याकडे जिन्यातून निषेध म्हणून पाठ करून बसायला लागली.

भेटीची वेळ पक्की करायला लेकीने दवाखान्यात फोन केला. स्वागतकक्षातली मुलगी उत्साहात होती. “या ना ताई! आणि आता आमच्याकडे नवीन काटा आलाय. काचेचा. पाच आठवडे झाले. अंगातलं पाणीसुद्धा सांगतो!”

“काय म्हणाली?” बाबांनी मागून विचारलं.

“नवीन काटा आलाय म्हणे.”

“अस्सं,” बाबा म्हणाले, आणि चष्मा काढून पुसायला लागले.

ठरलेल्या दिवशी सकाळी घरच्या काट्यावर बावन्न किलो शंभर भरले. लेकीने आनंदाने टाळी वाजवली. दादा आदल्या संध्याकाळीच गाडी घेऊन आला होता. गाडीची डिकी त्याने येतानाच रिकामी करून आणली होती, हे लेकीला दिसलं होतं. निघताना बाबांनी तिच्या हातात एक कापडी पिशवी दिली.

“बापरे! यात काय दगड भरलेत?”

“सांभाळून. आपटू नकोस.”

दवाखाना तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. लेक पिशवी या हातातून त्या हातात करत वर पोहोचली तेव्हा तिचा दम गेला होता. आत पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीवर नवा फलक झळकत होता, ‘या महिन्याचे वजनवीर’, आणि खाली हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो. साडेचार किलो कमी! पाच किलो कमी! बाकांवर बसलेली माणसं एकमेकांचं अभिनंदन करत होती. एक जाडजूड गृहस्थ, ज्यांना सगळे ‘शेठ’ म्हणत होते, ते तर खिशातून आपलाच फोटो काढून दाखवत होते.

“मॅडमच्या हातात जादू आहे,” शेठ म्हणाले. “महिन्यात सहा किलो! आणि खरं सांगू? मी काही सोडलंसुद्धा नाही!”

बाबांनी हे ऐकलं आणि त्यांची एक भुवई वर गेली.

वेळ होता म्हणून दादाही सहज काट्यावर चढला. निळा उजेड पडला. “अठ्ठ्याहत्तर!” तो खूश झाला. “बघितलंस? मी म्हणत होतो ना, मी काही जाड झालेलो नाही.”

मग मॅडम बाहेर आल्या आणि बाबांची पाळी आली. त्यांनी चपला काढल्या, चष्मा काढला, किल्ल्या काढल्या आणि ते काचेवर उभे राहिले. निळे आकडे पळाले, लुकलुकले आणि थांबले.

एकोणपन्नास पूर्णांक तीन.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, “काका, मला खरंच वाईट वाटतंय.” दादाने घसा साफ केला. त्याच्या चेहऱ्यावर विजय नव्हता. तो काळजीत होता, आणि त्यामुळे सगळं आणखीच कठीण झालं.

“बाबा, काट्यावर ठरलं होतं.”

“हो, ठरलं होतं,” बाबा म्हणाले. “माझी पिशवी दे गं.”

त्यांनी पिशवी उघडली. आतून जाड फडक्यात गुंडाळलेली दोन पितळी वजनं निघाली. दहा-दहा किलोंची.

दादाचा चेहरा उतरला. “बाबा! तुम्ही हे… वजन वाढवायला आणलंत? ही घेऊन काट्यावर चढणार होतात?”

आणि क्षणभर, अगदी क्षणभर, लेकीच्याही मनात तेच आलं. बाबांनी ते तिच्या डोळ्यांत वाचलं. त्यांची मान ताठ झाली.

“तुमच्या आईला जाऊन वर्ष झालं,” ते म्हणाले, “तिने चाळीस वर्षं मला नाही नाही ते म्हटलं. लबाड कधी म्हटलं नाही.” मग ते स्वागतकक्षातल्या मुलीकडे वळले. आवाज बदलला होता. हा आवाज लेकीने लहानपणी ऐकला होता, बाजारात, बोट धरून चालताना. “याला मोहर कुठे आहे?”

“मोहर?” मुलगी गोंधळली. “काका, याला ब्लूटूथ आहे.”

“कुणी तपासला?”

“नवाच आहे ना!”

“नव्या पोराचंही आधी वजन करून घेतात, बाई.” बाबा गुडघ्यावर बसले आणि त्यांनी पहिलं वजन काचेच्या मधोमध ठेवलं. “दहा किलो. मानक. वाचा.”

मुलीने वाचलं. “नऊ… नऊ पूर्णांक पाच.”

बाकांवरची कुजबुज थांबली. बाबांनी दुसरं वजन पहिल्याशेजारी ठेवलं.

“वीस. वाचा.”

“अठरा पूर्णांक नऊ,” मुलगी म्हणाली. आता तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“किलोमागे पन्नास-पंचावन्न ग्रॅम दांडी मारतोय,” बाबा उठत म्हणाले. खिशातून पेन्सिल निघाली, तळहातावर आकडेमोड झाली. “एकोणपन्नास तीन दाखवतो, म्हणजे बावन्न शंभर. सकाळी घरी भरलो तेवढेच. मॅडम, तुमचा जुना काटा कुठाय?”

जुना काटा स्टोअररूममधून, झाडूंच्या मागून निघाला. बाबांनी आधी त्याच्यावर वजनं ठेवली. दहाला दहा, वीसला वीस. त्यांनी त्याला हलकेच थोपटलं आणि वर चढले.

बावन्न किलो शंभर.

“सातशे ग्रॅम वाढ,” मॅडम म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. “अंडी नसताना. पोट कसं आहे?”

“संप मिटला.”

लेकीने टाळी वाजवायला हात उचलले, पण तिच्या आधीच मागे हलकल्लोळ उडाला. कारण बाकांवरच्या माणसांचं गणित पूर्ण झालं होतं.

“म्हणजे माझे पाच किलो?” एक बाई किंचाळल्या.

“आणि माझे सहा?” शेठ फोटो हातात धरून उभे राहिले. ते घाईघाईने जुन्या काट्यावर चढले आणि त्याहून घाईने उतरले. मग बाबांच्या कानाशी येऊन ते काकुळतीने म्हणाले, “साहेब, एक विनंती होती. ती वजनं परत पिशवीत घालता का? आणि आम्ही कुणी काही बघितलंच नाही असं धरता का?”

“माफ करा,” बाबा म्हणाले. “मी निवृत्त आहे. मला लाच घेण्याचासुद्धा अधिकार नाही.”

शेवटी मॅडमनी स्वतःच खुर्चीवर चढून वजनवीरांचा फलक उतरवला. बाई सरळ होत्या. “काका, तुम्ही आला नसतात तर मी सगळ्यांचं खाणं याच आकड्यांवर ठरवत राहिले असते,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी बाबांची यादी पुढे ओढली. लाल रेघेखाली निळ्या पेनाने लिहिलं: ‘अंडं. अर्धं. दोन दिवसांनी पुन्हा अर्धं. मग बघू.’

दादा या सगळ्यात कोपऱ्यात उभा होता. बाबांनी त्याच्याकडे बोट केलं. “तू अठ्ठ्याहत्तर भरलास ना? म्हणजे साडेब्याऐंशी. मॅडम, एक कोरा तक्ता असेल तर याला द्या.”

दुपारी तिघं घरी आले. दादाने गाडीची रिकामी डिकी उघडली, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा लावून टाकली. कबूल केल्याप्रमाणे त्याने चकार शब्द काढला नाही. फक्त जिना चढताना म्हणाला, “महिन्यातून एकदा मी येईन. मासा खायला.”

“साठ ग्रॅम मिळेल,” बाबा म्हणाले.

स्वयंपाकघरात बाबांनी पातेलं सरळ केलं, पाणी ठेवलं. पाणी उकळलं तसं त्यांनी एक अंडं, एकच, चमच्याने अलगद आत सोडलं आणि घड्याळ उलटं केलं. तिघं उभे राहून वाळूकडे पाहत होते. वाळू संपली तेव्हा दादाने मनगटावर पाहिलं.

“सहा मिनिटं चाळीस सेकंद! बाबा, खाली सहा लिहिलंय. हे चुकीचं चालतंय. तुम्ही कसं काय चालवून घेतलंत?”

“तिथे माझा अधिकार चालत नव्हता,” बाबा म्हणाले.

त्यांनी अंडं सोललं. काचेच्या कपाटातल्या तराजूकडे त्यांचा हात गेला नाही. शिवणाच्या डब्यातून त्यांनी पांढरा दोरा काढला, आई काढायची तसा, आणि नुसत्या नजरेच्या अंदाजाने अंडं मधून कापलं. दोन अर्धी म्हणायला. एकात बहुतेक सगळा पिवळा बलक आला होता आणि दुसरं दाताखालीसुद्धा आलं नसतं. बाबांनी मोठा भाग लेकीच्या ताटलीत सरकवला.

लेकीने दोन्हीकडे पाहिलं. “बाबा, हे मापात पाप आहे.”

“तक्रार लेखी दे,” बाबा म्हणाले. “पण आधी खा. गार होतंय.”